बर्फाच्या पोटातली जनावरं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



आमच्या चिंचपोकळीहून राणीचा बाग म्हणजे पायी जाण्याचं अंतर. सुट्टीत सात वर्षांच्या नातीला घेऊन गेलो होतो. मुलांचा ओढा आता हत्तीकडे नाही, पेंग्विनकडे आहे. हे पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातून आणले, त्यांच्यासाठी काचेचं थंडगार दालन बांधलं, आणि बाहेर घामाच्या धारा वाहत असताना आत सोळा-अठरा अंशांत ते पोहत असतात. काचेला नाक लावून नात बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘आजोबा, बर्फात पेंग्विन मेला तर तो सडतो का?’’

मी प्राणिशास्त्राचा मास्तर. पहिली खोड दुरुस्त्या करण्याची. मी तिला सांगितलं की हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, आणि त्यांनी बर्फ पाहिलेलाही नसतो. तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, ‘‘पण बर्फातला मेला तर?’’

त्या प्रश्नाचं उत्तर देता देता हे भाषण तयार झालं.

सुरुवात आपल्या स्वयंपाकघरापासून करू. माझं लहानपण चाळीत गेलं. फ्रीज कोणाकडेच नव्हता. सकाळी घेतलेले बोंबील दुपारपर्यंत लिबलिबीत व्हायचे, म्हणून आई ते आल्या आल्या साफ करून मीठ लावून ठेवायची. चाळीत लग्न निघालं की बर्फाची लादी यायची, गोणपाटात गुंडाळून, लाकडाच्या भुशात पुरून. आम्ही पोरं तिचे तुकडे पळवायचो. मुंबईकरांचा बर्फाशी संबंध आला तो असाच, माल म्हणून. एकोणिसाव्या शतकात तर तो अमेरिकेतल्या तळ्यांतून कापून, भुशात बांधून, जहाजानं इथं उतरवत असत!

आईच्या हाताशी अन्न टिकवण्याच्या तीन युक्त्या होत्या: वाळवणं, खारवणं आणि लोणच्यासारखं मुरवणं. चौथी लादीवाल्याकडे होती. वरवर या चार गोष्टी वेगळ्या वाटतात. पण कुजणं म्हणजे काय? सूक्ष्म जीवांनी मांडलेली पंगत. त्या पंगतीला पाणी लागतं, तेही वाहतं, मोकळं पाणी. उन्हात वाळवलं की पाणी उडून जातं. मिठात घातलं की मीठ ते ओढून घेतं. गोठवलं की पाणी जागेवर असतं, पण दगड होऊन बसतं, सूक्ष्म जीवांच्या कामाचं राहत नाही. शिवाय थंडीत सगळ्या रासायनिक क्रिया मंदावतात. बाकी उरते लोणच्याची युक्ती, म्हणजे आंबटपणा. तिच्याकडे मी पुढे येणार आहे, कारण एका हत्तीच्या पिल्लाच्या बाबतीत निसर्गानं तीही वापरली होती.

आता नातीचा पेंग्विन. अंटार्क्टिकात रॉस समुद्राच्या काठावर केप इरिझार नावाचं एक खडकाळ टोक आहे. स्टीव्हन एम्स्ली हे अमेरिकी संशोधक २०१६ च्या जानेवारीत तिथे पोहोचले. या टोकावर पेंग्विनांची वसाहत असल्याची नोंद कोणीही केलेली नव्हती. शंभर वर्षांपूर्वीच्या दर्यावर्दींच्या टिपणांतही नाही. आणि इथे तर घरट्यांसाठी रचलेले खडे, विष्ठेचे थर, आणि पिसांसकट पडलेली अॅडेली पेंग्विनांची मढी, बहुतेक पिल्लांची. काही इतकी ताजी दिसत होती की जणू याच हंगामात मेलेली. कार्बन-१४ पद्धतीनं त्यांची वयं काढली तेव्हा ती सुमारे आठशे वर्षांपासून पाच हजार वर्षांपर्यंत निघाली.

म्हणजे उत्तर झालं: नाही बाळ, सडत नाही. निदान बर्फ आहे तोवर. पण हे पक्षी दिसले का, हा पुढचा प्रश्न. ते दिसले कारण त्यांच्यावरचा बर्फ नुकताच वितळला होता. थंडीनं राखलेलं ते उन्हात आलं आणि तिथून कुजायला लागलं. एम्स्ली काही वर्षं उशिरा पोहोचले असते तर त्यांना फक्त हाडं आणि खडे मिळाले असते.

मेलेल्या पिल्लांपासून शिकायचं काय, असं कोणी विचारील. पुष्कळ काही. त्या टोकावर पेंग्विनांनी पाच हजार वर्षांत तीन वेळा वस्ती केली आणि प्रत्येक वेळी सोडली. शेवटची सोडली ती सुमारे आठशे वर्षांपूर्वी, हवा थंड होऊ लागली तेव्हा. किनाऱ्याला चिकटलेला समुद्राचा बर्फ वाढला की पेंग्विनांना पाण्यापर्यंत पोहोचता येत नाही, पिल्लांना भरवता येत नाही. मढ्यांच्या तारखा लावत गेलं की समुद्राच्या बर्फाचा इतिहास मिळतो.

याच एम्स्लींनी विल्यम पॅटरसन यांच्याबरोबर २००७ साली एक निबंध छापला, तो मला फार आवडतो. अंटार्क्टिकाच्या जुन्या, सोडून दिलेल्या पेंग्विन वसाहतींत अंड्यांची टरफलं गोठलेल्या मातीत टिकून राहतात. त्यांनी अडतीस हजार वर्षांपर्यंत मागे जाणारी टरफलं तपासली. नायट्रोजनचे दोन प्रकार असतात, एक हलका आणि एक किंचित जड. लहान माशाला मोठा मासा खातो, त्याला त्याहून मोठा, असं आपण वर चढत गेलो की शरीरात जड नायट्रोजनचं प्रमाण वाढत जातं. म्हणून टरफलावरून आई काय खात होती ते कळतं, मासे की क्रिल. क्रिल म्हणजे आपल्या जवळ्याचा दूरचा भाऊ म्हणा ना. हजारो वर्षं या पेंग्विनांच्या ताटात मासे अधिक होते. गेल्या सुमारे दोनशे वर्षांत ते एकाएकी क्रिलवर आले. का? संशोधकांचा तर्क असा की याच काळात माणसानं सील आणि देवमासे बेसुमार मारले. क्रिल खाणारे राक्षस गेले, क्रिल उरला, आणि तो पेंग्विनांनी खाल्ला. देवमाशांच्या कत्तलीची नोंद पेंग्विनच्या टरफलात सापडावी! एवढ्या एका गोष्टीसाठी मी या शास्त्राला नमस्कार करीन.

आता एक गैरसमज. बर्फात प्राणी टिकतात असं आपण सहज म्हणतो, आणि डोळ्यांपुढे येते हिमनदी. प्रत्यक्षात हिमनदी ही जपून ठेवण्याची जागा नाहीच. मराठीनं या गोष्टीला ‘नदी’ म्हटलं आहे ते किती अचूक आहे पाहा. ती वाहते. हळू, पण वाहते, आणि वाहताना खडक दळते. तिच्यात पडलेलं जनावर चिरडत, ओढलं जात, काही दशकांनी किंवा काही शतकांनी खालच्या टोकाला बाहेर पडतं.

मुंबईकरांना याचा दाखला दूर शोधायला नको. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे मुंबईहून निघालेलं विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं. ४८ माणसं गेली. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच डोंगरावर ‘कांचनगंगा’ हे विमान कोसळलं, तेही मुंबईहूनच निघालेलं. ११७ जण गेले आणि त्यांत डॉ. होमी भाभा होते. त्या दिवशी आमच्या चाळीत पसरलेली शांतता मला आठवते. भाभा कोण हे नीटसं माहीत नसलेली माणसंही गप्प होती. या दोन्ही विमानांचे अवशेष बोसाँ नावाच्या हिमनदीनं पोटात घेतले आणि ती ते अजून परत करते आहे. २०१२ साली तिनं परराष्ट्र खात्याची टपालाची थैली दिली, २०१३ साली रत्नांची पेटी. २०२० च्या उन्हाळ्यात १९६६ मधली भारतीय वर्तमानपत्रं बाहेर आली, इंदिरा गांधी पंतप्रधानपदी निवडून आल्याच्या मथळ्याची. अक्षरं वाचता येत होती. त्यांचा शपथविधी झाला तो दिवस आणि विमान कोसळलं तो दिवस एकच. आपल्याकडे रोहतांगजवळ १९६८ साली हवाई दलाचं विमान १०२ जणांसह नाहीसं झालं. त्यातल्या काही जवानांचे देह २००३ पासून थोडे थोडे मिळत गेले, चार तर २०२४ साली.

पन्नास-साठ वर्षं म्हणजे हिमनदीच्या हिशेबात बरीच झाली. पाच हजार वर्षं जपायची तर बर्फ न वाहणारा हवा. डोंगराच्या उतारावर, सावलीच्या खळग्यात, वर्षानुवर्षं साचून राहिलेला आणि स्वतःच्या वजनानं घसरण्याइतका जाड न झालेला. किंवा मग सायबेरियासारखी कायम गोठलेली जमीन. या क्षेत्रातले मोठे शोध लागले ते या दोन ठिकाणी.

आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेला ‘ओत्झी’ हा पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस तुम्ही ऐकला असेल. तो अशाच एका खळग्यात पडला होता, वरून हिमनदी सरकत असली तरी तळाचा बर्फ जागचा हलत नव्हता. माणूस म्हणून त्याच्याबद्दल खूप लिहिलं गेलं. मला त्याच्या अंगावरच्या जनावरांत जास्त रस. २०१६ साली त्याच्या कपड्यांच्या चामड्याचा डीएनए तपासला गेला. टोपी अस्वलाची, बाणांचा भाता हरणाचा, अंगरखा शेळी आणि मेंढीच्या कातड्यांचे तुकडे जोडलेला, पायांची वेष्टणं शेळीची, लंगोट मेंढीचा, बुटाची दोरी गाईची. पोटात रानबोकडाचं चरबीदार मांस. एका माणसाच्या अंगावर अख्खं रान आणि अख्खा गोठा! पाळीव काय आणि शिकारीचं काय, हे त्याच्या शिवणीत दिसतं.

कॅनडातल्या युकॉनची गोष्ट तर वासापासून सुरू होते. १९९७ साली एक जीवशास्त्रज्ञ आणि त्याची बायको शिकारीसाठी डोंगरात गेले होते. बर्फाच्या एका मोठ्या पट्ट्याजवळ त्यांना शेणाचा वास आला. पाहतात तर कॅरिबू हरणांच्या लेंड्यांचा काळा थर बर्फातून वितळून बाहेर येत होता. नवल असं की त्या भागात कॅरिबू दिसल्याला कित्येक दशकं झाली होती. तिथेच लाकडी भाल्याचा तुकडा मिळाला, तो चार हजार वर्षांहून जुना निघाला. मग कोडं उलगडलं. उन्हाळ्यात माश्या आणि डास छळतात म्हणून कॅरिबू त्या बर्फावर येऊन उभे राहायचे आणि शिकारी त्यांच्यामागे यायचे. हजारो वर्षं हे चाललं. आपल्या म्हशी डबक्यात बसतात, तसंच.

अशाच सातशे वर्षांच्या गोठलेल्या लेंड्यांतून शास्त्रज्ञांनी २०१४ साली एका विषाणूचा डीएनए काढला. त्यावरून विषाणू पुन्हा बांधला आणि तो तंबाखूच्या कुळातल्या रोपाला लागण करू शकला. कॅरिबूनं खाल्लेल्या पाल्यातून किंवा अंगावर बसणाऱ्या किड्यांतून तो आला असावा. शेणातून एवढं निघतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘सर, मग गोठ्यात राहणारे सगळे शास्त्रज्ञच की!’’

नॉर्वेत लेंडब्रेन नावाच्या खिंडीत बर्फ ओसरत गेला तसा एक जुना डोंगररस्ता उघडा पडला. घोड्यांची हाडं, त्यांची लीद, आणि घोड्याच्या खुराखाली बांधायचा बर्फातला बूटसुद्धा. हजार वर्षांपूर्वी तिथून जनावरांवर ओझी लादून लोक जा-ये करत.

आता ते लोणचं. २००७ साली सायबेरियाच्या यामाल द्वीपकल्पावर रेनडियर पाळणाऱ्या युरी खुदी यांना युरिबेय नदीकाठी मॅमथचं पिल्लू दिसलं. मॅमथ म्हणजे आपल्या हत्तीचा केसाळ, नामशेष झालेला भाऊबंद. खुदींच्या समाजात अशा गोष्टीला हात लावणं अशुभ मानतात. ते दूरच्या गावी कळवायला गेले. परत येईतो पिल्लू गायब! नातलगानं ते एका दुकानदाराला बर्फावर चालणाऱ्या दोन गाड्यांच्या बदल्यात देऊन टाकलं होतं आणि दुकानदारानं ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं. गावच्या कुत्र्यांनी तिची शेपूट आणि कानाचा तुकडा खाल्ला. बेचाळीस हजार वर्षं जे कोणी शिवलं नाही, ते चार दिवसांत कुत्र्यांच्या तोंडी गेलं. शेवटी ती संग्रहालयात पोहोचली आणि खुदींच्या पत्नीच्या नावावरून तिचं नाव ‘ल्यूबा’ ठेवलं.

ल्यूबा महिन्याभराची होती. पोटात आईचं दूध होतं. आतड्यात मोठ्या मॅमथचं शेण होतं. घाबरू नका, हत्तीची पिल्लंही आईचं शेण खातात, त्यातून पचनाला लागणारे जीवाणू मिळतात. ती चिखलात गुदमरून मेली असावी, कारण सोंडेत आणि श्वासनलिकेत गाळ होता. आणि नदीकाठी उघड्यावर काही काळ पडूनही ती इतकी कशी टिकली? डॅनियल फिशर यांचं म्हणणं असं की मेल्यावर तिच्या शरीरात आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंनी वस्ती केली, तेच जे आपलं दही लावतात त्यांच्यापैकी. ती आतून आंबली. अंगाला आंबूस वास येत होता. थंडी आणि लोणचं, दोन्ही युक्त्या एकाच पिल्लावर.

सायबेरियाच्या या गोठलेल्या जमिनीतून मिळालेल्या मॅमथच्या दाढांमधून २०२१ साली दहा लाख वर्षांहून जुना डीएनए वाचला गेला. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आता मी आपल्या उन्हात येतो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचा जो विभाग डॉ. ह. धी. सांकलियांनी वाढवला, तिथे जनावरांच्या हाडांवर काम करणारी पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. शिरूर तालुक्यातलं इनामगाव घ्या. १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षं तिथे उत्खनन झालं. घोड नदीकाठची ही तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. तिथे गाईबैलांची, शेळ्यामेंढ्यांची, हरणांची हाडं ढिगांनी मिळाली. शेवटच्या टप्प्यात शेती मागे पडलेली दिसते, शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर जोर दिसतो. डॉ. म. के. ढवळीकरांनी याचा संबंध कमी होत गेलेल्या पावसाशी लावला. केप इरिझारचे पेंग्विन थंडीनं उठले, इनामगावचे लोक अवर्षणानं. दोन्हीकडे साक्ष देतात ती हाडंच.

पण आपल्या हाडांत डीएनए क्वचितच उरतो. ऊन, ओल, पुन्हा ऊन. डीएनएचा धागा तुटत तुटत जातो, त्याची अक्षरं टोकांना झिजतात. खरं तर ही झीज म्हणजेच जुन्या डीएनएची खूण. झिजलेली अक्षरं दिसली नाहीत तर शास्त्रज्ञ समजतात की नमुन्याला हात लावणाऱ्या आजच्या कोणाचा तरी डीएनए मिसळला आहे. हरियाणातल्या राखीगढीचं काम डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. हडप्पा संस्कृतीच्या माणसांचा डीएनए मिळवायचा म्हणून ६१ नमुने तपासले गेले. उपयोगी पडला एक. फक्त एक! कानाजवळच्या घट्ट हाडातून पुन्हा पुन्हा प्रयत्न करून त्यांनी एका स्त्रीचा जनुकसंच काढला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. साडेचार हजार वर्षांसाठी एवढा आटापिटा, आणि सायबेरियात दहा लाख वर्षं जुनी दाढ वाचता येते. उन्हाचा हा फरक आहे.

त्याच २०१९ मध्ये रूपकुंडचा निबंध आला. उत्तराखंडात पाच हजार मीटर उंचीवरचं हे छोटं तळं वर्षातले बरेच महिने गोठलेलं असतं. त्याच्या काठावर शेकडो माणसांची हाडं पडलेली आहेत. १९४२ साली एका वनाधिकाऱ्यानं ती पाहिली तेव्हापासून तर्कांना ऊत आला होता. आपल्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे यांनी या हाडांचा अभ्यास केला. काही कवट्यांवर वरून बसलेल्या घावांच्या खुणा दिसल्या आणि मोठ्या गारांच्या वादळात यात्रेकरू सापडले असावेत असा विचार पुढे आला. मग डीएनए तपासला गेला. ३८ जणांचा निकाल लागला. २३ जण भारतीय उपखंडातले, इसवी सन ८०० च्या आसपास मेलेले, तेही सगळे एकाच वेळी नाही. १४ जण पूर्व भूमध्य सागराकडचे, म्हणजे ग्रीस-क्रीटकडच्या लोकांशी नातं सांगणारे, आणि मेले कधी, तर सुमारे १८०० साली! एक आग्नेय आशियातला. ही ग्रीक बाजूची माणसं नंदादेवीच्या वाटेवर काय करत होती, याचं उत्तर अजून कोणाकडे नाही. एका वादळात सगळे गेले ही जुनी गोष्ट मात्र मोडली. थंडी नसती तर ही गोष्ट मोडलीही नसती, आपण तीच सांगत बसलो असतो.

रूपकुंडची खंत दुसरीच. तिथे जाणाऱ्या हौशी लोकांनी हाडं हलवली, ढीग रचून फोटो काढले, काहींनी आठवण म्हणून पिशवीत घालून नेली. कोणतं हाड कोणाचं, कोणत्या थरातलं, हे आता सांगता येत नाही. बर्फानं हजार वर्षं केलेली राखण आपण सुट्टीत उधळली. हिमालयाच्या उंच खळग्यांतला साचलेला बर्फही आटतो आहे. रानबोकड, भरल, याक त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालले असणार. आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठानं दर ऑगस्टमध्ये चार विद्यार्थी पिशव्या आणि हातमोजे देऊन तिथे पाठवले, तर खर्च फार येणार नाही.

हे मी आग्रहानं सांगतो, त्याला एक कारण आहे. ते माझ्या घरचं आहे.

उपनगरातल्या एका महाविद्यालयात मी शिकवत होतो. आमच्या विभागात जुन्या काळापासून फॉर्मेलिनच्या बरण्या होत्या, त्यांत मासे, साप, बेडूक. दिसायला छान. पण फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या मांसातला डीएनए जवळजवळ निकामी होतो. म्हणून मी वेगळा संग्रह सुरू केला. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर पहाटे जायचं, बोंबील, घोळ, पापलेट, मांदेली यांच्या मांसाचे छोटे तुकडे घ्यायचे, तारीख आणि जागा लिहून कुप्यांत भरायचे आणि उणे वीस अंशांच्या शीतपेटीत ठेवायचे. सहा वर्षं मी हे केलं. कोळणी मला ‘तुकडेवाला मास्तर’ म्हणायच्या. पुढे कधी तरी कोणी विचारलं की मुंबईच्या समुद्रातला बोंबील बदलला का, तर दाखवायला पुरावा हवा, एवढाच विचार.

२६ जुलै २००५ ला काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मी त्या रात्री एका शाळेत अडकलो होतो. आमच्या विभागात पाणी शिरलं, वीज गेली ती तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी पोहोचलो. जिन्यातच वास आला. युकॉनच्या त्या जोडप्याला जसा आला असेल, तसा. शीतपेटी उघडण्याची गरज नव्हती, तरी मी उघडली. कुप्यांवरची शाई ओघळली होती. कोणता तुकडा कोणत्या वर्षाचा, हेसुद्धा राहिलं नाही. आम्ही सगळं पोत्यात भरलं आणि पालिकेच्या गाडीत टाकलं.

तेव्हापासून बर्फातून बाहेर आलेल्या जनावरांच्या बातम्या मी कौतुकानं वाचत नाही, घाईनं वाचतो. वीज गेलेल्या शीतपेटीच्या पुढे उभं राहून कुठली कुपी आधी उचलायची, हा प्रश्न मला माहीत आहे. पृथ्वीवरची ती मोठी शीतपेटी उघडी पडते आहे आणि तिच्यात लिहिलेली शाई ओघळते आहे.

एक भीती लोक हमखास विचारतात, ती टाळून चालणार नाही. बर्फातून जुने रोग येतील का? २०१६ च्या उन्हाळ्यात, ल्यूबाच्याच यामालमध्ये, विलक्षण उष्णता पडली. रेनडियरमध्ये अँथ्रॅक्सची, म्हणजे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेल्या काळपुळीची साथ आली. दोन हजारांहून अधिक जनावरं मेली आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. गोठलेल्या जमिनीतलं जुनं मढं किंवा जुनी दूषित माती उघडी पडली, असा बहुतेकांचा निष्कर्ष आहे. या जीवाणूचे बीजाणू जमिनीत दशकानुदशकं तग धरतात. पण त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग बातम्यांत येत नाही. तिथे रेनडियरना लस टोचणं २००७ साली बंद केलं होतं, रोग गेला असं समजून. आमच्या चिंचपोकळीकरांना साथ म्हटलं की कस्तुरबा रुग्णालय आठवतं, भीती काय असते ते आम्हाला कळतं. पण दोष नुसत्या बर्फावर टाकणं मला पटत नाही. लसीकरण चालू असतं तर त्या उन्हाळ्यात एवढी जनावरं मेली नसती.

राणीच्या बागेतून परत येताना हे सगळं काही मी नातीला सांगितलं नाही. तिला पेंग्विनपुरतंच सांगितलं. पाच हजार वर्षं झोपलेली पिल्लं, बर्फ वितळला म्हणून दिसलेली, आणि त्यांचे तुकडे नीट बांधून थंड पेटीत ठेवणारी माणसं. स्टेशनच्या पुलावर आम्ही गोळा घेतला. तिचा कालाखट्टा हातावर ओघळत होता आणि ती विचार करत होती.

‘‘आजोबा, ती पेटी कुठे आहे?’’

‘‘लांब, अमेरिकेत.’’

‘‘तिथे लाइट जातात का?’’